पडद्यामागचा मुकादम

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ज्याची खिडकी पडद्यावर दिसत नाही, जो मागे गुपचूप चालू आहे, अशा प्रोग्रॅमला संपूर्ण संगणकावर होणारी माउसची हालचाल कशी टिपता येईल? समोरचा माणूस पत्र लिहीत असो, हिशेबाचे कोष्टक भरत असो वा नकाशा काढत असो, त्या प्रत्येक ठिकाणची हालचाल या तिसऱ्याच प्रोग्रॅमला कळली पाहिजे. प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक आहे आणि त्याची उत्तरेही तंत्राच्याच भाषेत दिली जातात. परंतु संगणक मालकाचा आणि माउसवरचा हात पगारी नोकराचा असला, की तोच कामगार चळवळीचा प्रश्न होतो. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याची अजून पुरेशी दखल घेतलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊ. जगातील बहुसंख्य कार्यालयांत मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली चालते. माउस हलला किंवा त्याची कळ दाबली गेली, की ती वार्ता आधी प्रणालीकडे जाते आणि तेथून ती समोरच्या खिडकीकडे पोचवली जाते. या वाटेवर मध्येच उभे राहण्याची सोय विंडोजने करून ठेवली आहे. तिला 'लो-लेव्हल माउस हुक' म्हणतात. हुक लावणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक वार्ता खिडकीच्या आधी मिळते. माउस पडद्यावर कोठे आहे, कोणती कळ दाबली गेली आणि केव्हा, हे सारे त्याला कळते, आणि वाटल्यास तो ती वार्ता पुढे जाण्यापासून अडवूही शकतो. 'रॉ इनपुट' ही दुसरी वाट. तीत स्वतः मागे राहूनही उपकरणाची कच्ची नोंद मिळत राहावी, अशी मागणी प्रोग्रॅमला प्रणालीकडे नोंदवता येते. तिसरी वाट सर्वांत साधी आहे. माउसला वा की-बोर्डला शेवटचा स्पर्श केव्हा झाला, एवढेच प्रणालीला विचारायचे. विंडोज २००० पासून ही सोय आहे, आणि 'हा माणूस किती मिनिटे रिकामा बसला' असा हिशेब मांडायला ती पुरते.

यांपैकी कशासाठीही साधारणपणे विशेष अधिकार लागत नाहीत, आणि वापरणाऱ्याला विचारलेही जात नाही. एक अपवाद मात्र उद्बोधक आहे. विंडोज व्हिस्टापासून प्रणालीत प्रोग्रॅमच्या पायऱ्या ठरवण्यात आल्या. व्यवस्थापकीय हक्काने चालणारी खिडकी समोर असली, तर साध्या हक्काच्या प्रोग्रॅमचा हुक तिच्यापुरता आंधळा होतो. म्हणजे वरच्या पायरीवरील प्रोग्रॅमला खालच्या पायरीवरील प्रोग्रॅमपासून संरक्षण मिळाले. माउस धरणाऱ्या माणसाला मात्र ते मिळाले नाही.

यावर कोणी म्हणेल की संगणकाचा स्वभावच तसा आहे, त्याला कोण काय करणार! हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे, कारण यंत्राच्या नावावर स्वतःचे निर्णय खपवणे ही मालकवर्गाची जुनी रीत आहे. लिनक्सच्या जगात अनेक वर्षे 'एक्स' नावाची खिडक्यांची व्यवस्था होती. तिच्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीतील कळा आणि माउस सहज पाहू शकत असे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'वेलँड' या नव्या व्यवस्थेने हे दार मुळातच बांधले नाही. माउस ज्या खिडकीवर आहे तिलाच त्याची वार्ता मिळते, आणि मागे बसलेल्याला ती मिळण्याची वाट तिच्या नियमांत नाही. ॲपलने मॅकओएसच्या २०१९ मधील कॅटलिना आवृत्तीपासून 'इनपुट मॉनिटरिंग' नावाची स्वतंत्र परवानगी आणली. तीत कळांना कडक संरक्षण आहे, माउसला त्या मानाने सैल. एकाच प्रश्नाची ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत. विंडोजने दार उघडे ठेवले, ॲपलने दारावर पहारा बसवला आणि वेलँडने भिंत घातली. तिन्ही ठिकाणी यंत्र तेच, वीजही तीच. फरक पडला तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलताही येते.

हुक लावणे हेच पाप आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अपंग व्यक्तींना साहाय्य करणारे आणि पडद्यावरील मजकूर मोठा करून दाखवणारे प्रोग्रॅम अशाच साधनांवर चालतात. 'वर्करेव्ह' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम यापेक्षाही बोलका दाखला आहे. तो कळा आणि माउस यांवर लक्ष ठेवतो आणि हात फार वेळ थांबले नाहीत असे दिसले, की वापरणाऱ्याला विश्रांती घ्यायला सांगतो. एकसारख्या हालचालींनी मनगट आणि खांदे निकामी होऊ नयेत, हा त्याचा हेतू. मालकाचा निरीक्षक प्रोग्रॅमही हीच हालचाल मोजतो. परंतु हात थांबले नाहीत तर तो संतुष्ट असतो आणि हात थांबले की तक्रार करतो. पहिल्याला कामगाराचा थकवा दिसतो, दुसऱ्याला त्याची विश्रांती खुपते. म्हणून नोंद कोणाच्या हाती जाते आणि कोणासाठी वापरली जाते, याच कसोटीवर अशा प्रत्येक साधनाची परीक्षा झाली पाहिजे.

माउस ज्याच्या कल्पनेतून आला त्या डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. माणसाच्या बुद्धीची झेप वाढावी, अवघड प्रश्न त्याला सहकार्याने सोडवता यावेत, हा त्याच्या संशोधनाचा घोषित हेतू होता. बुद्धीला हात देण्यासाठी घडवलेले साधन त्याच बुद्धीच्या मालकाला 'तू हललास की नाही' असे विचारण्यासाठी वापरले जावे, हा भांडवली व्यवस्थेने त्या साधनावर उमटवलेला शिक्का आहे.

आता या मोजणीतून नेमके काय मोजले जाते, ते पाहू. हुकला हाताची हालचाल कळते, काम कळत नाही. ग्राहकाशी फोनवर वीस मिनिटे बोलून त्याची तक्रार मिटवणारी कारकून स्त्री हुकच्या दृष्टीने वीस मिनिटे बेकार असते. प्रोग्रॅममधील दोष शोधण्यासाठी कागदावर आकृती काढणारा अभियंता बेकार, सहकाऱ्याला काम समजावून देणारा अनुभवी माणूस बेकार. उलट निरर्थकपणे माउस फिरवत बसणारा मात्र उद्योगी! फ्रान्समधील माहिती-संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये घरजागेचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीला ४० हजार युरो दंड केला. त्या कंपनीने बसवलेला प्रोग्रॅम तीन ते पंधरा मिनिटे कळ किंवा माउस हलला नाही की तो वेळ 'निष्क्रिय' म्हणून नोंदवत असे, आणि अशा वेळेचे कारण दिले नाही वा तो भरून काढला नाही, तर पगारातून कपात होऊ शकत असे. संगणकाला हात लावला नाही असा वेळही बैठका, दूरध्वनी इत्यादींमुळे प्रत्यक्ष कामाचाच असू शकतो, असे आयोगाने स्पष्ट केले. जे कोणत्याही कार्यालयातील शिपायालाही ठाऊक आहे, ते सांगायला एका राष्ट्रीय आयोगाला दंड ठोठवावा लागला.

'हालचाल नाही म्हणजे काम नाही' ही समजूत आपल्या देशात नवी नाही. रेल्वे कामगारांत काम केलेल्या आपल्या साथींना ती चांगली परिचयाची आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १३० पाहा. ज्या नोकराच्या बारा तासांच्या पाळीत साधारणतः निम्मा किंवा अधिक वेळ असा जातो की तो कामावर हजर असतो, परंतु त्याला शारीरिक हालचाल वा सततचे अवधान द्यावे लागत नाही, त्याचे काम 'खंडित' स्वरूपाचे मानले जाते. त्याचा परिणाम कलम १३२ मध्ये दिसतो. सलग काम करणाऱ्यासाठी आठवड्याची मर्यादा सरासरी ५४ तासांची, तर खंडित कामवाल्यासाठी ७५ तासांची! फाटकावर गाडीची वाट पाहत बसलेला माणूस बसला आहे म्हणून विश्रांती घेत आहे काय? तो जागा आहे, जबाबदार आहे, घरी जाऊ शकत नाही. वाट पाहणे हेही त्याचे कामच आहे. रेल्वेच्या वर्गवारीने जे निदान उघडपणे, कायद्याच्या कलमात लिहून केले, तेच आज पडद्यामागचा प्रोग्रॅम कोणतेही कलम न दाखवता दर मिनिटाला करतो.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, १८६७ मध्ये, हे सविस्तर मांडले आहे. कामाचा दिवस लांबवण्याला कायद्याने आळा बसला, की मालक त्याच दिवसातील रिकामे क्षण भरून काढण्याच्या मागे लागतो. तास तेवढेच राहतात, त्यांत पिळून घेतलेली मेहनत वाढते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने याच हव्यासाला शास्त्राचा पोशाख चढवला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांच्या कामावर घड्याळ लावण्यात आले, तेव्हा ते काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले आणि १९१५ पासून लष्करी खर्चाच्या विधेयकांत अशा घड्याळी मोजणीला मनाई करणारी तरतूद घालण्यात आली. ती १९४९ पर्यंत टिकली. मोजणीचे तंत्र अटळ असते असे म्हणणाऱ्यांनी ही तीन दशके लक्षात ठेवावीत.

आपल्या मुंबईचाही इतिहास हेच सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांचा समावेश होता. विश्रांती हा हक्क आहे, ही भाषा या शहराच्या कामगारांनी तेव्हापासून शिकवली. १९२८ मध्ये गिरणीमालकांनी 'कार्यक्षमते'च्या नावाखाली एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याचा घाट घातला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. गिरणी मालकाची होती, मागही मालकाचेच होते. तरीही त्या मागापुढे माणसाला किती राबवायचे, हे ठरवण्याचा एकतर्फी अधिकार कामगारांनी मान्य केला नाही.

'संगणक आमचा, वेळ आम्ही विकत घेतलेला, मग पाहणी का करू नये?' या आजच्या व्यवस्थापनाच्या युक्तिवादाला त्यातच उत्तर आहे. कामगार आपले श्रम ठराविक वेळेपुरते विकतो, आपले शरीर विकत नाही. बोटांच्या हालचालींची क्षणाक्षणाची नोंद हा शरीराचाच हिशेब आहे. दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा केला जातो. बँकेतील कर्मचारी उठून गेला तर त्याचा पडदा आपोआप बंद झाला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्यासाठी शेवटचा स्पर्श केव्हा झाला एवढेच त्या यंत्राला कळणे पुरेसे आहे. ती नोंद यंत्राबाहेर पाठवण्याची, साठवण्याची, आलेख काढून वरिष्ठांच्या मेजावर ठेवण्याची काही आवश्यकता नाही. जेथे नोंद यंत्राबाहेर पडते, तेथे सुरक्षिततेची मर्यादा संपते आणि पाळत सुरू होते.

मार्च २०२० नंतर, महासाथीच्या काळात घरून काम करण्याची पद्धत पसरली आणि निरीक्षक प्रोग्रॅमना घराघरांत प्रवेश मिळाला. त्याला उत्तर म्हणून माउस आपोआप हलवणारी साधने बाजारात आली. येथेही यंत्राचा न्याय एकतर्फीच आहे. प्रोग्रॅमने कृत्रिमरीत्या हलवलेल्या माउसच्या वार्तेवर विंडोज तशी खूण करते आणि हुकला ती वाचता येते. म्हणून लोक खऱ्या माउसखाली फिरती तबकडी ठेवू लागले. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने मे २०२४ मध्ये कळा चालत असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपांची तपासणी करून बारांहून अधिक कर्मचारी काढले. हीच ती बँक, जिच्या विक्रीच्या कोट्यांच्या दडपणाखाली ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडली गेली होती. २०१६ मध्ये त्याबद्दल तिला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी त्या प्रकरणी नोकरीतून गेल्याचे उघड झाले. वरून आकडा ठरवून द्यायचा, तो भरण्यासाठी खालच्या माणसाला खोट्याच्या आश्रयाला ढकलायचे आणि मग खोटेपणाबद्दल त्यालाच घालवायचे, ही या पद्धतीची चाल आहे. माउस हलवणाऱ्या तबकडीला आम्ही क्रांतीचे हत्यार मानत नाही. ती एकट्या पडलेल्या माणसाची पळवाट आहे, आणि तिला उत्तर म्हणून मालक उद्या अधिक तीक्ष्ण डोळा आणील. एकट्याच्या युक्तीने जे साधत नाही ते संघटनेनेच साधावे लागते.

इतर देशांत संघटनेने काय मिळवले, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत १९७२ च्या आस्थापना-रचना कायद्यातील कलम ८७ नुसार कामगारांच्या वर्तनावर वा कामगिरीवर देखरेख करणारी तांत्रिक साधने आणण्यात आणि वापरण्यात कामगार समितीला सहनिर्णयाचा अधिकार आहे. तिला डावलून मालकाला असा प्रोग्रॅम बसवता येत नाही. तेथील सर्वोच्च श्रम न्यायालयाने २७ जुलै २०१७ रोजी, सर्व कळा टिपणाऱ्या गुप्त प्रोग्रॅममधून मिळवलेला पुरावा बडतर्फीसाठी ग्राह्य धरण्यास नकार दिला. उलट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने मालकावर फक्त पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले. सूचना देणे आणि संमतीची गरज असणे यांत मुकादमाच्या शिट्टीइतका आणि कराराइतका फरक आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. परंतु २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातील कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाला हानीपासून वाचवण्यासाठी, माहिती संमतीविना वापरण्याची मुभा ठेवण्यात आली. नागरिकाला दिलेला हक्क कार्यालयाच्या दारात उतरवून ठेवावा लागतो, असाच त्याचा अर्थ झाला. तथापि आपण अगदी निःशस्त्र आहोत असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या अटी, त्यांत शिस्तीचे नवे नियमही आले, बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. पडद्यामागे हुक बसवणे हा शिस्तीचा नवा नियमच आहे, अशी भूमिका घेऊन संघटनांनी नोटिशीची मागणी केली पाहिजे.

मागण्या स्पष्ट शब्दांत मांडाव्या लागतील. असा प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी काय टिपले जाणार, ते कोठे साठवले जाणार, कोण पाहणार आणि केव्हा पुसले जाणार, हे कामगारांना त्यांच्या भाषेत लेखी कळवले पाहिजे. संघटनेशी करार झाल्याशिवाय तो चालू करता कामा नये. माउस आणि कळा यांच्या मोजणीवरून पगार, रजा, बढती वा बडतर्फी ठरवण्यास पूर्ण मनाई असली पाहिजे. पाळी संपली की नोंद थांबली पाहिजे, आणि ती चालू आहे की बंद हे पडद्यावर सतत दिसले पाहिजे. आपल्याविषयीची नोंद पाहण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. कंत्राटी आणि घरून काम करणाऱ्यांना यातून वगळता येणार नाही, कारण पाळतीचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो.

हिंजवडी, खराडी वा ऐरोली येथील उंच इमारतींत काम करणारा तरुण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला अजून कचरतो. त्याच्या कपाळी गिरणीचा सूत-धुरळा नाही, गळ्यात ओळखपत्र आहे आणि हातात उत्तम यंत्र आहे. परंतु त्याच्या हाताच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब दुसरा कोणी ठेवतो, हे एकदा त्याच्या ध्यानी आले, की लालबागच्या विणकराशी आपले नाते काय, हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही. ते ध्यानी आणून देण्याचे काम आपले आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील बँका, विमा कचेऱ्या आणि संगणक कंपन्यांतील परिचितांना एवढाच प्रश्न प्रथम विचारावा : तुमच्या यंत्रावर तुमच्यामागे कोण बसले आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल, आणि संघटनेच्या पहिल्या बैठकीचा विषय त्याच उत्तरातून मिळेल.